पुढचा मॉनिटर केवढा असेल याचा अंदाज कसा बांधायचा: इंच सोडा, उंची मोजा

पुढच्या आठ-दहा वर्षांत डेस्कटॉपची स्क्रीन कशी असेल याचा अंदाज बांधायचा म्हटलं की बहुतेक जण एकच उद्योग करतात, मागची यादी काढतात, १५ इंच, १७, १९, २२, २४, २७, ३२, आणि तीच रेघ पुढे ओढतात, म्हणजे आता ४० येणार, मग ५०, मग भिंतभर. असला अंदाज करायला सोपा पण तो फसतो, कारण इंच म्हणजे कर्ण, एका कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंतचं तिरकं अंतर, आणि त्या तिरक्या अंतरावरून स्क्रीनबद्दल फारच थोडं कळतं. कर्ण तेवढाच ठेवा आणि स्क्रीन पसरट करत जा, क्षेत्रफळ आपोआप घटतं. २४ इंची १६:१० (रुंदी १६ भाग तर उंची १० भाग) मॉनिटर साधारण १६७० चौरस सेंटिमीटरचा, तोच २४ इंची १६:९ झाला की १५९० च्या आसपास येतो, खोक्यावरचा आकडा मात्र २४ च. जुन्या सीआरटीत तर १७ इंच म्हणून विकलेल्या नळीचा इंचभर भाग प्लास्टिकच्या कडेमागे दडलेला असायचा. तेव्हा पहिली सवय ही लावून घ्या की इंचाचा कुठलाही आकडा दिसला की आधी त्याची उंची काढायची, तीही सेंटिमीटरमध्ये.

उंची काढायला दरवेळी वर्गमूळ नको, गुणक लक्षात ठेवले की झालं. १६:९ असेल तर इंचाला १.२५ ने गुणा, १६:१० ला १.३५, ३:२ ला १.४१, जुन्या ४:३ ला १.५२, आणि ३२:९ ला ०.६९. २१:९ ला तर गुणायचीही गरज नाही, जेवढे इंच जवळपास तेवढेच सेंटिमीटर उंची, किंचित कमी.

आता हे गुणक घेऊन बाजारातले नेहमीचे साईज एकदा तपासा, गंमत दिसते. २७ इंची १६:९ ची उंची साडेतेहतीस सेंमी. ३४ इंची अल्ट्रावाईडची, म्हणजे २१:९ ची, उंची पण साडेतेहतीसच्या आसपास. आणि ४९ इंची ती लांबलचक ३२:९, तिची पण तेवढीच. दुसरं घराणं बघा, ३२ इंची १६:९, ४० इंची २१:९ आणि ५७ इंची ३२:९, तिन्ही ३९ ते ४० सेंमी उंच. म्हणजे जाहिरातीत २७, ३४, ४९ असे तीन वेगळे आकडे दिसतात पण उंचीने ती एकच स्क्रीन आहे, फक्त बाजूने ओढलेली.

मागे जाऊन बघितलं तर अजून पक्कं होतं. १७ इंची ५:४ एलसीडी २७ सेंमी उंच होता, १९ इंची ३० सेंमी, मग २४ इंची १६:१० बत्तीसच्या वर. आणि ॲपलचा ३० इंची सिनेमा डिस्प्ले, २५६०×१६०० पिक्सेलवाला, तो २००४ साली आला आणि त्याची उंची ४० सेंमीच्या आसपास होती. त्यानंतर वीस वर्षं उलटून गेली तरी टेबलावरचे महागडे मॉनिटर उंचीला तिथेच थांबलेत, आणि रुंदी मात्र १९ इंचीच्या ३८ सेंमीपासून ५७ इंचीच्या १३९ सेंमीपर्यंत गेली. ४३ इंची ४के (३८४०×२१६० पिक्सेल) मॉनिटरही मिळतात, ते साडेत्रेपन्न सेंमी उंच असतात, पण ते टेबलावर टीव्ही ठेवल्यासारखेच राहिले, सर्रास कुणी वापरत नाही. का ते पुढे.

मानेपासून सुरू करा

अंदाजाची खरी सुरुवात टेपने करायची. नेहमीसारखे बसा, डोळ्यापासून स्क्रीनपर्यंतचं अंतर मोजा. टेबलाची खोली, पुढे कीबोर्ड, त्याच्या पुढे आपण, असं सगळं धरून बहुतेकांचं ६० ते ७५ सेंमी येतं. मी इथे ७० धरतो.

स्क्रीनची वरची कड डोळ्याच्या पातळीला किंवा जरा खाली ठेवा असं जे सांगतात ते उगाच नाही, नजर खाली वळवायला सोपी जाते, वर वळवायला लागली की मान मागे जाते आणि तासाभरात दुखायला लागते. खाली साधारण ३० अंशांपर्यंत डोळे आरामात जातात. आता ७० सेंमी अंतरावर ३० अंश म्हणजे किती, तर ७० गुणिले ०.५७७, साधारण ४० सेंमी. तोच चाळीस. मॉनिटरची उंची जिथे येऊन थांबली तो आकडा मानेतून आलाय, कारखान्यातून नाही, आणि म्हणून तो कारखाना सुधारला तरी हलणार नाही. ४३ इंची मॉनिटर आरामात वापरायचा तर साडेत्रेपन्न सेंमी उंचीला ९३ सेंमी अंतर लागतं, म्हणजे मीटरभर खोल टेबल हवं, नाहीतर भिंतीवर टांगून टेबल पुढे ओढा. लोक मॉनिटर बदलतात, त्याच्यासाठी टेबल फार कमी जण बदलतात.

रुंदीचा हिशोब वेगळा, कारण मान डावी-उजवीकडे वळवायचं आपल्याला काही वाटत नाही. दोन्हीकडे तीस-तीस अंश धरले तर ७० सेंमीवरून ८१ सेंमी रुंदी दिसते. ३४ इंची अल्ट्रावाईड ८० सेंमी रुंद असते, हा योगायोग म्हणा हवं तर, मला तो वाटत नाही. त्याच्या पलीकडचा भाग वाया जात नाही पण त्याचा दर्जा उतरतो, तिथे चॅटची खिडकी जाते, गाण्यांचा प्लेअर जातो, एडिटिंग करणाऱ्याची टाइमलाइन जाते, मुख्य काम तिथे कुणी ठेवत नाही.

शिवाय सपाट स्क्रीन फार रुंद झाली की कडा डोळ्यापासून लांब जातात. १२० सेंमी रुंद सपाट स्क्रीन ७० वर ठेवली तर मध्यभाग ७० वर आणि कड ९२ वर, तेवढ्या फरकाने अक्षरं बारीक दिसतात आणि डोळ्याला सारखा फोकस बदलावा लागतो. म्हणून वक्रता आली. १८००आर म्हणजे १८०० मिलिमीटर त्रिज्येचं वर्तुळ, १०००आर म्हणजे मीटरभर. त्रिज्या बसायच्या अंतराच्या जितकी जवळ तितकी प्रत्येक कड सारख्या अंतरावर येते. यातून अंदाजासाठी कामाचा नियम निघतो, ८० सेंमीच्या आत रुंदी असेल तर वक्रता ही हौस आहे, १०० च्या पुढे गेली तर ती गरज आहे, आणि १२० च्या पुढे कुणी सपाट मॉनिटर येणार म्हणून सांगितलं तर विश्वास ठेवू नका.

पिक्सेल किती, याला पण छत आहे

सर्वसाधारण चांगली नजर एक मिनिट कोनाएवढा तपशील वेगळा ओळखते, एक मिनिट म्हणजे अंशाचा साठावा भाग. त्यावरून एक सोपं सूत्र बनतं, ८७०० ला सेंटिमीटरमधल्या अंतराने भागा, जो आकडा येईल तेवढे पिक्सेल दर इंचाला म्हणजे पीपीआय पुरतात. ७० सेंमीला १२५ येतं, ५० ला १७५ च्या जवळ. आता हे सरासरी नजरेचं झालं, तरुण आणि तीक्ष्ण डोळे याहून जास्त बघतात, पुढे वाकूनही बघितलं जातं, अक्षरांच्या तिरक्या कडा अजून बारीक जाणवतात, म्हणून वरचं छत २२० धरायला हरकत नाही. २७ इंची ५के (५१२०×२८८०) २१८ पीपीआय असतो, ॲपलचा ३२ इंची ६के, २०१९ चा प्रो डिस्प्ले एक्सडीआर, तो पण २१८ च.

मग ४० सेंमी उंची, म्हणजे पावणेसोळा इंच, गुणिले २२०, उभ्या दिशेत साधारण ३४५० ओळी. त्या ६के मध्ये ३३८४ ओळी आहेत. छताला हात लागला की! याच्या पुढे पिक्सेल वाढवून डोळ्याला फरक पडत नाही, आणि हे बाजारात दिसलंही आहे, डेलने २०१७ मध्ये ३२ इंची ८के मॉनिटर आणला, २८० पीपीआय, आणि त्याच्या मागे बाकीच्या कंपन्यांची रांग लागली नाही. त्याच्याही आधी २००१ मध्ये आयबीएमने २२ इंचात ३८४०×२४०० बसवून दाखवलं होतं, २०४ पीपीआय, वीस-पंचवीस वर्षांपूर्वी! तेव्हा ते विकलं जाईना याचं कारण डोळे नव्हते, सॉफ्टवेअर आणि केबल होती.

सॉफ्टवेअरचं काय असतं की त्याला पूर्ण पटीत मोठं करायला आवडतं, एका पिक्सेलचे चार केले की सगळं धारदार राहतं, दीडपट केलं की कुठेतरी रेघ फिसकटते. म्हणून पुढचं रेझोल्युशन ओळखायचं असेल तर आज जे जास्त खपतं त्याची दोन्ही बाजूंनी दुप्पट करून बघा. १९२०×१०८० ची दुप्पट ४के झाली, २५६०×१४४० ची दुप्पट ५के झाली. ३४४०×१४४० ची दुप्पट ६८८०×२८८०, आणि हिशोबाने ती पुढची पायरी आहे. मधले ५१२०×२१६० सारखे आकडे दीडपट आहेत, चालतात, पण मला ते जिन्याच्या मधल्या लँडिंगसारखे वाटतात.

केबलचा गुणाकार

हा भाग कंटाळवाणा आहे पण दोन मिनिटांचा आहे. केबलमधून किती डेटा जायला हवा, तर आडवे पिक्सेल गुणिले उभे पिक्सेल गुणिले हर्ट्झ (सेकंदाला किती वेळा चित्र बदलतं) गुणिले २४ बिट (एका पिक्सेलचा रंग). ४के ६० हर्ट्झला साधारण १२ गिगाबिट दर सेकंदाला, ५के ला २१, ८के ला ४८. वर थोडा खर्च धरा. डिस्प्लेपोर्ट १.२ हे मॉनिटरच्या केबलचं स्टँडर्ड खरा डेटा १७ च्या आसपास न्यायचं, म्हणून २०१४ मध्ये ५के आला तेव्हा एका केबलमधून जाईना, डेलच्या ५के मॉनिटरला दोन केबल लावायला लागायच्या आणि ॲपलने सरळ आयमॅकच्या आतच स्वतःचा टायमिंग कंट्रोलर (पॅनलला पिक्सेलचा डेटा पुरवणारी चिप) बसवून बाहेरच्या केबलचा प्रश्नच काढून टाकला. १.४ ने २६ पर्यंत नेलं. २०१९ ला ठरलेलं डिस्प्लेपोर्ट २.० सत्त्याहत्तरपर्यंत जातं, पण त्या घराण्याच्या नव्या वेगाचे मॉनिटर दिसायला २०२३ उजाडलं. हा चार वर्षांचा उशीर लक्षात ठेवा, केबलचं नवं स्टँडर्ड जाहीर झालं की त्यात चार मिळवा, तेव्हा त्याचा मॉनिटर. एचडीएमआय २.२ हे ९६ गिगाबिटचं स्टँडर्ड २०२५ चं आहे, पुढचं तुम्हीच मिळवा.

मगाचं ६८८०×२८८० घ्या, ६० हर्ट्झला साडेअठ्ठावीस, १२० ला ५७, म्हणजे नव्या डिस्प्लेपोर्टमध्ये आरामात बसतं. सॅमसंगची ५७ इंची ७६८०×२१६०, २४० हर्ट्झला धरली तर आकडा ९५ च्या वर जातो, ती कॉम्प्रेशन करूनच चालते. तेव्हा केबलमुळे अंदाज पूर्ण खोटा ठरत नाही, उशिरा खरा ठरतो.

काचेचा हिशोब, इथे वेळ घालवा

अंदाज बांधणारे सगळ्यात जास्त इथे चुकतात कारण हे कुणी बघतच नाही. पॅनल सुटं सुटं बनत नाही, एका भल्यामोठ्या काचेवर बरीच पॅनल एकदम बनतात आणि मग कापतात, त्या काचेला मदरग्लास म्हणतात. शिंपी कापड बेततो तसंच आहे, उरलेली चिंधी म्हणजे नुकसान. कारखान्याची जनरेशन म्हणजे त्याच्या काचेच्या मापाचा क्रमांक, ८.५ जनरेशनच्या कारखान्यात काच २२००×२५०० मिमी असते, १०.५ मध्ये २९४०×३३७०.

स्वतः बेतून बघा. ५५ इंची टीव्ही म्हणजे १२१८×६८५ मिमी. ८.५ च्या काचेत लांबीला दोन, रुंदीला तीन, सहा बसतात आणि काचेचा ९१ टक्के भाग वापरला जातो. ६५ इंची, १४३९×८०९, त्याच काचेत तीनच बसतात, ६३ टक्के, सदतीस टक्के काच वाया! तीच ६५ इंची १०.५ च्या काचेत आठ बसतात, ९४ टक्के. त्यामुळे १०.५ चे कारखाने २०१८ च्या आसपास सुरू झाले आणि ६५ व ७५ इंची टीव्ही भराभर घरोघरी गेले, लोकांना अचानक मोठ्या टीव्हीची हौस आली असं काही नव्हतं.

मग ज्यांच्याकडे ८.५ चेच कारखाने आहेत त्यांनी काय करायचं? एका काचेवर दोन वेगळे साईज. ७७ इंची ओएलईडी दोन लावले की बाजूला साधारण ८० सेंमीची पट्टी उरते, त्यात ४८ इंची बरोब्बर दोन बसतात, आणि ४८ इंची ओएलईडी असा आडनिडा साईज बाजारात आला तो या उरलेल्या पट्टीतून. आता तुम्ही ६५ इंचीचं करून बघा. तीन ६५ इंची बसवल्यावर उरते ७६१ मिमी रुंद आणि २५०० लांब पट्टी. ३४ इंची अल्ट्रावाईड ७९७×३३४ मिमी, लांबीला तीन, रुंदीला दोन, सहा नग. कापायला जागा सोडूनही बसतात.

म्हणून कुठल्याही नव्या साईजची बातमी आली की कॅल्क्युलेटर काढायचा, आणि विचारायचं की हा कुठल्या काचेत किती बसतो, कुणाच्या उरलेल्या पट्टीत बसतो. सत्तर टक्क्यांच्या खाली येत असेल आणि पट्टीतही बसत नसेल तर तो साईज एक तर महाग राहणार किंवा दोन वर्षांत गायब होणार.

प्रमाण येतं कुठून

रेशोच्या बाबतीत डेस्कटॉपने स्वतःचं असं जवळपास काहीच शोधलेलं नाही, सगळं उसनं. १९७३ च्या झेरॉक्स अल्टोला उभी स्क्रीन होती, ६०६×८०८, कागदासारखी, म्हणजे ज्यांनी पहिल्यांदा नीट विचार करून बनवलं त्यांनी उभी केली होती! पण टीव्हीच्या आडव्या ४:३ नळ्या ढिगाने बनत होत्या आणि ४:३ टीव्हीने घेतलं होतं मूकपटांच्या फिल्मकडून, मग कॉम्प्युटरही तिथेच गेला, ६४०×४८०, ८००×६००, १०२४×७६८ सगळं त्यातलं.

१६:९ तर तडजोडीतून निघालंय. केर्न्स पॉवर्स नावाच्या इंजिनिअरने १९८० च्या दशकात सिनेमा-टीव्हीची वेगवेगळी प्रमाणं एकावर एक ठेवून बघितली आणि सगळ्यांना सामावणारी मधली चौकट काढली, ४:३ आणि २.३५ (रुंद सिनेमाचं प्रमाण) यांचा भूमितीय मध्य, म्हणजे गुणाकाराचं वर्गमूळ, काढा, १.७७ येतो, झालं १६:९. एचडी टीव्हीने ते उचललं. मॉनिटर तोवर १६:१० वर सुखाने होते, आणि २००८ ते २०१० च्या दरम्यान सगळे १६:९ वर गेले, वापरणाऱ्यांनी मागितलं म्हणून नाही, टीव्हीच्या पॅनलबरोबर एकाच काचेत बेतायला सोपं म्हणून. बोंबाबोंब बरीच झाली, उपयोग शून्य. (लॅपटॉपमध्ये मात्र २०२० च्या आसपास १६:१० परत आलं, कारण तिथे टीव्हीची काच आडवी येत नाही आणि कीबोर्डखाली तळहाताची जागा तशीही रिकामीच असते.)

पण उसनं आलं की टिकतंच असंही नाही. फिलिप्सने २००९ मध्ये २१:९ टीव्ही काढला, सिनेमाच्या रुंदीचा, आणि तो संपला, कारण बाकी सगळे कार्यक्रम १६:९ चे आणि दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या. त्याच रेशोचा मॉनिटर मात्र चालला. फरक एवढाच की टीव्हीवर एक चित्र पूर्ण स्क्रीन भरतं आणि डेस्कटॉपवर खिडक्या शेजारी शेजारी बसतात.

त्यावरून तपासणी करायची ती अशी: रेशोचे तुकडे करून बघा. १९२० चे दोन केले तर ९६०, वेबसाइटला जेमतेम. २५६० चे दोन, १२८०, छान, पण तीन केले तर ८५३ आणि पान मोबाइलचं रूप घ्यायला लागतं. ३४४० चे तीन, प्रत्येकी ११४६, तिन्ही वापरता येतात. ५१२० चे दोन म्हणजे दोन पूर्ण २७ इंची. जो रेशो दोन किंवा तीन तुकड्यांत नीट तुटतो तो टेबलावर राहतो. ज्याचे तुकडे नीट होत नाहीत त्याने एकच मोठी खिडकी भरायला हवी, कोडिंग, कागद, फोटो असं.

असे वेगळे आकार आलेत. आयझोचा चौकोनी १९२०×१९२०, एलजीचा ड्युअलअप २५६०×२८८०, म्हणजे दोन १६:९ एकावर एक, मायक्रोसॉफ्टच्या सरफेस स्टुडिओचा ३:२, २०१६ चा. हे नवलाईचे आहेत की खरी लाट आहे हे ओळखायला पहिल्या कंपनीकडे बघून काही कळत नाही, दुसरी कंपनी तेच पॅनल घेते का ते बघायचं. २८.२ इंची ३:२, ३८४०×२५६०, हे हुवावेने २०२१ मध्ये आणलं आणि २०२४ मध्ये बेनक्यूने तोच साईज आणि तेच रेझोल्युशन प्रोग्रामर लोकांसाठी म्हणून काढलं. म्हणजे हा साईज जिवंत आहे, छोटा पण जिवंत. आणि त्याची उंची काढा बरं, २८.२ गुणिले १.४१, पुन्हा चाळीसच्या जवळ.

काचच नसेल तर

गुंडाळता येणाऱ्या स्क्रीन आणि हेडसेट यांनी सगळं उलटंपालटं होईल असं म्हणतात. गुंडाळीबद्दल मी थंड आहे. लेनोवोने २०२५ मध्ये १४ इंचाचा वरच्या दिशेने वाढून १६.७ इंच होणारा लॅपटॉप आणला, तिथे त्याला अर्थ आहे, बॅगेत न्यायचं असतं. टेबलावरचा मॉनिटर गुंडाळून कुठे न्यायचा?

हेडसेटचं मात्र अंदाज बांधणाऱ्याला फार उपयोगी आहे, कारण तिथे काच नाही, बेतायचं नाही, कुठलाही आकार फुकट. ॲपलने व्हिजन प्रोमध्ये मॅकची स्क्रीन दाखवताना नंतरच्या अपडेटमध्ये साधी, रुंद आणि अतिरुंद असे तीन पर्याय दिले, सगळ्यात मोठा म्हणजे दोन ४के शेजारी शेजारी. कसलंच बंधन नसताना स्क्रीन बाजूने वाढवली, वर नाही वाढवली. मानेचा मुद्दा इतक्या स्वच्छपणे दुसरीकडे कुठे सिद्ध झालेला मला दिसला नाही.

आता अंदाज लिहून काढा

लिहिताना "मोठे आणि रुंद होतील" असलं काही लिहू नका, ते कधीच खोटं ठरत नाही म्हणून ते निरुपयोगी. उंची सेंमीमध्ये, अंतर, रेशो, पीपीआय आणि साल, पाचही आकडे लिहा. माझा नेहमीचा, सुरक्षित अंदाज असा: २०३५ पर्यंत टेबलावरच्या मॉनिटरची उंची ३३ ते ४१ सेंमीच्या बाहेर जाणार नाही, ढिगाने खपणारा रेशो १६:९ च राहील, दुसरा नंबर २१:९ चा, घनता बहुतेक ठिकाणी १४० ते २२० मध्ये. यात थरार नाही हे मान्य.

थोडी हिंमत करायची असेल तर सगळ्या चाळण्या एकदम लावून एक नवा आकार काढता येतो. मान म्हणते ४० उंच, नजर म्हणते ८१ रुंद, म्हणजे २:१, कर्णाने साडेपस्तीस इंच. आज असा मॉनिटर सर्रास मिळत नाही. बाहेरून उसनं घ्यायला २:१ आहे का? आहे, सिनेमॅटोग्राफर वित्तोरियो स्तोरारोने १९९८ मध्येच सिनेमा आणि टीव्ही दोन्हीसाठी २:१ सुचवलं होतं, आणि २०१७ मध्ये एलजीचा जी६ फोन १८:९ म्हणजे तोच रेशो घेऊन आला. तुकडे केले तर दोन चौकोन, एकात कोड आणि एकात पान, उंची पूर्ण ४० ची, वाईट नाही.

राहिली काच. लॅपटॉप-मॉनिटरसाठी म्हणून ८.६ जनरेशनचे ओएलईडी कारखाने उभे राहतायत, त्यांची काच २२९०×२६२० मिमी. त्यात ३२ इंची १६:९ अठरा बसतात, साधारण ८५ टक्के. ३४ इंची २१:९ पण अठरा, ८० टक्के. ४० इंची २१:९ बाराच, ७४ टक्के, तो महाग राहणार हे इथेच कळलं. आणि आपला ८१०×४०५ मिमीचा २:१, लांबीला तीन, रुंदीला पाच, पंधरा, ८२ टक्के. ३४ इंची अल्ट्रावाईडपेक्षा काच थोडी जास्तच वापरली जाते आणि उंची सात सेंमी जास्त मिळते. तर माझा पैजेचा अंदाज हा: २०३२ पर्यंत ३५ ते ३६ इंची २:१ मॉनिटर निदान दोन कंपन्यांचा, २०० पीपीआयच्या आसपास, म्हणजे रेझोल्युशन साधारण ६४००×३२००, हलक्या वक्रतेचा. ६० हर्ट्झला तो साडेएकोणतीस गिगाबिट मागतो, केबल आजच तयार आहे. एकाच कंपनीने काढला आणि दुसरीने तीन वर्षांत हात लावला नाही तर हा अंदाज खोडून टाका आणि ४० सेंमी उंचीवर पुन्हा नवा रेशो बेतायला घ्या.